खालच्या गावाचे पाणी

दिवाळी अंकात कोणत्या विषयाला जागा असावी आणि कोणत्या विषयाला नसावी, याचे काही अलिखित संकेत आहेत. प्रेम चालते, प्रवास चालतो, भुताखेतांच्या गोष्टी तर विशेषच चालतात. पण पोटातले जंत, हगवण, विषमज्वर असले पदार्थ चकलीच्या ताटाशेजारी कोणी वाढीत नाही. हा संकेत मला ठाऊक आहे. तरीही मी तो मोडणार आहे, आणि त्याला कारण आहे. वर्षातून ज्या चार दिवसांत आपण दुसऱ्यांच्या हातचे सर्वांत अधिक खातो, ते हे दिवस. शेजारणीच्या घरून आलेल्या ताटातला लाडू आपण उचलतो तेव्हा तो कोणत्या हातांनी वळला, ते हात कोणत्या पाण्याने धुतले, याची चौकशी आपण करीत नाही. ती करणे असभ्यपणाचे होईल हे खरेच. पण ती न करण्यातच स्नेह आहे, हे त्याहून खरे. दुसऱ्याच्या हातचे खाणे हा विश्वासाचा व्यवहार आहे, आणि जेथे विश्वास आहे तेथे नीतीचा प्रश्न येतोच.

वैद्यकाचे धडे देण्याचा माझा अधिकार नाही. ते डॉक्टरांचे काम. मला बोलावयाचे आहे ते एवढ्याच प्रश्नाविषयी. मनात काडीचाही वाईट हेतू नसताना, आणि बहुधा आपल्या नकळतच, आपल्यापासून दुसऱ्याच्या पोटात रोग गेला, तर त्या माणसाचे आपण काही देणे लागतो का?

मी बदलापूरचा. सकाळची मुंबईकडे जाणारी गाडी पकडण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण ही स्टेशने मला जपमाळेच्या मण्यांसारखी पाठ आहेत. गाडीच्या हिशेबाने ही निरनिराळी गावे. त्यांचे कारभार वेगळे, निवडणुका वेगळ्या, आणि एकमेकांना नावे ठेवण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. पाण्याच्या हिशेबाने मात्र हे एकच गाव आहे. उल्हास नदी घाटमाथ्यावरून उतरते, कर्जत-नेरळवरून बदलापुरास येते आणि पुढे कल्याणजवळ खाडीत जाते. बदलापूरच्या बंधाऱ्यावर उचललेले पाणी बदलापूर आणि अंबरनाथ पितात. त्याच्या खाली बारवी धरणाचे पाणी तिला मिळते. जांभूळजवळ ते उचलले जाते आणि त्यातून उल्हासनगरची तहान भागते. आणखी खाली, मोहिलीला, कल्याणकर आपली घागर बुडवितात. म्हणजे आमचे जे वाहून जाते, ते पुढच्याच्या हंड्याच्या वाटेवर असते. आणि आम्ही बदलापूरकरांनी वरचढपणाने मिशीवर ताव देण्याचे कारण नाही. आमच्याही वर नेरळ आहे, कर्जत आहे.

उल्हासची धाकटी बहीण वालधुनी. ती मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, आणि अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. हे मंदिर शिलाहारांचे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथे आहे. ज्यांनी एवढे कोरीव देऊळ या काठी उभारले, त्यांनी त्याच पाण्यात हात-पाय धुऊन गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरल्या असतील. आज त्या पाण्यात हात घालावा असे भाविकासही वाटत नाही. गाडीत डोळे मिटून बसले तरी वालधुनी आली हे नाकाला कळते. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचे गाऱ्हाणे २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि २०१५ साली लवादाने कोट्यवधी रुपयांचा दंड सुनावला. त्या गाऱ्हाण्यात कारखान्यांचा वाटा मोठा होता. पण घरांच्या मैलापाण्याचाही होता, आणि त्या घरांत तुमचे-माझे घर आले.

आता मूळ विषयाकडे वळू. जंत हा प्राणी आपल्या सर्वांच्या बालपणीचा सोबती. मूल रात्री दात खाऊ लागले की आजी म्हणे, 'याला जंत झाले, गूळ फार खातो.' बिचाऱ्या गुळावर हा आळ उगीचच आला. गोल जंताची मादी माणसाच्या आतड्यात राहून दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. पण त्यांतून तेथे एकही पिलू बाहेर पडत नाही. अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडावी लागतात, दोनतीन आठवडे ओलसर मातीत मुरावी लागतात, आणि मग भाजीवरून, पाण्यातून किंवा नखांतल्या मळातून कोणाच्या तरी तोंडात जावी लागतात. मगच पुढचा जंत जन्मास येतो. याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. एखाद्या मुलाच्या पोटात दहा जंत निघाले, तर ते तेथे वाढलेले कुटुंब नव्हे. ते दहाही बाहेरून, एकेकटे आले. कोणाच्या तरी उघड्यावर पडलेल्या विष्ठेतून आले.

हीच कथा थोड्याफार फरकाने पटकीची, विषमज्वराची, आमांशाची आणि पाण्यातून येणाऱ्या काविळीची. जंतू निराळे, वाट एकच: एकाच्या शरीरातून बाहेर आणि दुसऱ्याच्या मुखात. ही वाट इतकी किळसवाणी आहे की आपण तिचे नाव घेत नाही. 'पाणी बाधले', 'बाहेरचे खाणे भोवले' असे म्हणून आपण मोकळे होतो. पाणी कोणास बाधत नाही. पाण्यातून माणूस माणसाला बाधतो. परक्या माणसाशी आपला जो अत्यंत जवळचा संबंध येतो तो हा असा, आणि त्याचे नाव काढणेही आपणास जड जाते.

देशावरच्या आमच्या मूळ गावी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघे. माझ्या आजीने तो लहानपणी पाहिला होता. लहानशा लाकडी गाड्यावर देवीची मूर्ती, हळद-कुंकू, लिंबे, नैवेद्य. पोतराज पुढे, वाजंत्री मागे, आणि सारा गाव गाडा ओढीत गावाच्या शिवेपर्यंत जाई. शिवेपलीकडे गाडा लोटला की गाव सुटकेचा श्वास टाकी. मी आजीला विचारले होते, 'पलीकडच्या गावाचे काय?' ती म्हणाली, 'ते पुढच्या शिवेवर नेऊन सोडीत.' 'आणि त्याच्या पुढचे?' आजी हसली आणि गवार निवडू लागली.

आजीला हसण्याचा अधिकार होता. पटकी कशाने होते हे त्या गावास ठाऊक नव्हते. घरागणिक प्रेते उचलणाऱ्या माणसांनी हाताला लागेल तो उपाय केला, त्यांना कोण दोष देईल? पण आपणास तर ठाऊक आहे! लंडनमध्ये १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजून पटकी पाण्यातून येते हे दाखविले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या रोग्यांत आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू पाहिला. एवढे कळल्यावरही आपली गटारे काय करतात? मैला नाल्यात लोटतात, नाला नदीत लोटतो, नदी पुढच्या शिवेवर नेते. मरीआईचा गाडा अजून चालूच आहे. फक्त हळद-कुंकू गेले, वाजंत्री गेली आणि भीतीही गेली.

कोणी म्हणेल, आपली संस्कृती तर शुचितेची. आपल्याएवढे स्नान कोण करते? खरे आहे. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करी. तिच्या ओल्या लुगड्याला आमचा हात लागला तर ती पुन्हा विहिरीवर जाई. पाणी ती दुहेरी फडक्यातून गाळून घेई, तांब्याची कळशी चिंचेने लखलखीत घाशी. त्या शिस्तीत पुष्कळ चांगले होते. पण तिच्या साऱ्या सोवळ्याचा प्रश्न एकच असे: मला कोणाचा विटाळ होईल? तिच्या मोरीचे पाणी परसाच्या भिंतीतून मागच्या आळीत वाहत जाई, आणि तेथे ज्यांची मुले खेळत त्यांची सावलीही तिला चालत नसे. शुद्धीची सारी तटबंदी बाहेरून आत येणाऱ्या गोष्टींसाठी होती. आतून बाहेर काय जाते यावर पहारा नव्हता.

जंतूंचे ज्ञान हा प्रश्न उलटा करून विचारते: माझा विटाळ कोणाला होईल? नीतीच्या दृष्टीने हे सारे उलथून टाकणारे आहे. पहिल्या प्रश्नात दुसरा माणूस संशयित असतो. दुसऱ्या प्रश्नात तो माझ्यावर विसंबलेला असतो. पहिल्यातून भिंती उभ्या राहतात, शिवाशिव जन्मते. दुसऱ्यातून फार तर एक संडास, एक झाकलेले गटार आणि साबणाची वडी उभी राहील. पण माणूस माणसाच्या जवळ येईल.

हा उलटा प्रश्न ज्यांना शास्त्र न शिकता सुचला, अशी माणसे आपल्यात होऊन गेली. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडीत, आणि कीर्तन मागाहून. कोकणातले अप्पा पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. ब्राह्मण कैद्यास हे काम देता येत नाही असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी त्या डिसेंबरात उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करणारा स्वस्तातला संडास लोकांना करून दाखविला. माझी घाण दुसऱ्याने उचलावी हे जर मला चालते, तर मी शुद्ध कसला, हा त्यांचा रोख होता. मैला हाताने उपसण्याचे काम कोणाकडून करवून घेण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही गटारात उतरलेला माणूस गुदमरून मेल्याची बातमी येते. त्या कायद्याइतकेच हे वाक्यही आपण वाचून सोडून देतो.

आता अवघड भागाकडे येतो. नकळत केलेल्या अपायाचा दोष लागतो काय?

न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. आयर्लंडहून आलेली, कष्टाळू, हाताला चव असलेली. ती ज्या घरी राबे तेथे काही दिवसांत विषमज्वर येई. १९०७ साली शोध लागला की तिच्या शरीरात त्या रोगाचे जंतू मुक्कामास आहेत. तिला स्वतःला मात्र कसलीही व्यथा नाही. तिला एका बेटावर अडकवून ठेवले. स्वयंपाकाचे काम करणार नाही, या बोलीवर १९१० साली सोडले. १९१५ साली ती पुन्हा सापडली. कोठे, तर एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात, नाव बदलून! त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली.

१९०७ च्या मेरीला मी दोष देऊ शकत नाही. निरोगी माणूस रोग वाटीत फिरतो ही गोष्ट तेव्हा डॉक्टरांनाही नवी होती. १९१५ ची मेरी मात्र निराळी. तिला सांगितले गेले होते, आणि ती बाळंतिणींसाठी स्वयंपाक करीत होती. पण येथेही माझी जीभ अडखळते. स्वयंपाकाखेरीज तिला दुसरे चांगले पैसे देणारे काम येत नव्हते. समाजाने तिला 'हे करू नकोस' म्हटले. 'मग काय कर' हे धडपणे सांगितले नाही. आमच्या स्टेशनाबाहेर गाडीवर वडे तळणारा माणूस एका बादलीत दिवसभराचे पेले विसळतो. त्याला 'हात धू' म्हणणे फार सोपे आहे. नळ कोठे आहे? दिवसाला दोन बादल्या पाण्यात ज्याने संसार चालवायचा, त्याच्या कानी स्वच्छतेचे प्रवचन गेले तर ते त्यास शिवीसारखे लागेल, आणि ते योग्यच होईल.

म्हणून मला 'पाप' हा शब्द येथे नको वाटतो. पाप म्हटले की आपण पापी शोधू लागतो, आणि तो बहुधा गरिबाच्या झोपडीत सापडतो. आपल्या परंपरेत दुसरा एक शब्द आहे, तो मला अधिक जवळचा वाटतो: ऋण. माणूस जन्मतःच ऋणाईत असतो, असे आपले जुने लोक मानीत. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन सर्वांना ठाऊक. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे. आणि ते फेडायचे ते दुसऱ्यास आसरा आणि अन्न देऊन. ऋणाची मौज अशी की ते असण्यासाठी गुन्हा करावा लागत नाही. आपण कर्ज घेतल्याचे आठवत नाही, तरी देणे लागतोच. शरीर आहे, म्हणून ते घाण बाहेर टाकणार. ती कोठेतरी जाणार. आणि तेथे कोणीतरी राहत असणार. येथे दोष कोणाचाच नाही. देणे मात्र प्रत्येकाचे आहे. ज्याच्याजवळ अधिक, त्याचे अधिक.

हे ऋण फेडणारे एक माणूस मी जवळून पाहिले आहे. १९४९ च्या ८ ऑगस्टला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. त्याआधी तो कल्याणचा लष्करी तळ होता; युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या त्याच्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे येऊन राहिली. शाळेतल्या माझ्या एका सिंधी मित्राचे घर अशाच एका बराकीत होते. एका लांब खोलीचे गोणपाटांनी केलेले तुकडे, सामायिक नळ, सामायिक संडास. सिंध्यांच्या घरी पाहुण्यापुढे प्रथम येतो तो भाजलेला पापड आणि पाणी. मित्राची आई, तिला आम्ही सारे अम्मा म्हणत असू, ते पाणी निराळ्या माठातून देई. तो माठ उकळून निववलेल्या पाण्याचा असे. घासलेट रांगेत उभे राहून मिळण्याचे ते दिवस; तरी रोज रात्री स्टोव्हवर मोठे पातेले चढे. आणि नवल हे की, त्यांतला एक माठ बराकीच्या दाराबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेला असे.

पुढे कळले की, छावणीच्या पहिल्याच पावसाळ्यात तिची तीन वर्षांची मुलगी ढाळ-वांत्यांनी दोन दिवसांत गेली होती. सिंधमधून एवढ्या लांब कडेवरून आणलेली मुलगी. मी मोठा झाल्यावर एकदा अम्मास विचारले, 'घरच्यांपुरते पाणी उकळलेत तर समजते, रस्त्यावरच्यांसाठी कशाला?' तिने आपल्या मोडक्या मराठीत जे सांगितले त्याचा आशय असा: पाणी मागणारा माणूस डोळे मिटून पितो. पेला देणाऱ्याने तरी डोळे उघडे ठेवायला नकोत का? तिच्या मुलीलाही त्या दिवशी कोणीतरी प्रेमानेच पाणी पाजले होते. ते कोणी, हे अम्मास ठाऊक होते. तिने त्या बाईचे नाव कधी घेतले नाही, आणि तिच्याशी बोलणेही कधी टाकले नाही.

नीतिशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ वाचूनही मला हे इतके स्वच्छ कळले नव्हते. तिने गुन्हेगार शोधला नाही, आणि 'नशीब' म्हणून हातही झटकले नाहीत. मधली वाट तिने धरली. घडले त्याची फेड तिने पुढच्या माणसाच्या पेल्यात केली.

आज त्या बराकींच्या जागी इमारती आल्या आहेत, आणि बदलापुरात तर मोजता येणार नाहीत इतके मनोरे उभे राहत आहेत. त्या मनोऱ्यांत घरोघरी पाणी शुद्ध करणारे यंत्र भिंतीवर आहे. माझ्याही घरी आहे, आणि ते काढून टाका असे मी सांगणार नाही. पण मला त्या यंत्राचे कधीकधी भय वाटते. कोणाचा विटाळ मला होऊ नये, या आजीच्या प्रश्नाचे ते विजेवर चालणारे उत्तर आहे. ज्यांच्या तक्रारीला कचेरीत किंमत, अशी माणसे एकदा का आपापल्या भिंतीवर शुद्ध पाणी विकत घेऊन बसली, की सार्वजनिक नळासाठी भांडणार कोण? आपल्या शहरांत जलवाहिन्या आणि गटारे कितीदा एकमेकांना खेटून जातात. पाणी चार तास येते आणि वीस तास बंद असते. बंद असताना नळीत पोकळी होते आणि फटीतून भोवतालची घाण आत ओढली जाते. हे नवे सोवळे पहिल्यापेक्षा महाग आहे, एवढाच फरक.

आणि ते पुरतेही पडत नाही. दिल्लीत १९५५ च्या पावसानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि मैल्याच्या नाल्याचे पाणी शहराचे पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत उलटे आले. अधिकाऱ्यांनी क्लोरिन वाढविले. पटकी आणि विषमज्वर थोपले. पण काविळीचा विषाणू निसटला आणि सुमारे २९ हजार माणसे पिवळी पडली. राजधानीची ही दशा. अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गीयाँ-बारे नावाचा तो विकार. दोनशेहून अधिक लोकांस त्याने गाठले. तपासात अनेक रोग्यांच्या पोटात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. साधे पोट बिघडणे, आणि मग चालता न येणे! आमच्या उल्हासने २००५ च्या जुलैत हाच धडा तिच्या पद्धतीने दिला. तिच्यात जे जे सोडले होते ते सारे तिने पुराबरोबर घरांत आणून घातले, आणि आणताना कोणाचे कोणते हे निवडीत बसली नाही.

इतके वाचून वाचक म्हणतील, सणासुदीला हे काय अभद्र! म्हणून चांगलेही सांगतो. आणि ते खरेखुरे चांगले आहे.

नारू आठवतो का? जुन्या माणसांना आठवेल. पायऱ्यांच्या विहिरीतले गाळल्यावाचूनचे पाणी प्यावे. त्यातल्या पाणपिसवांबरोबर नारूची पिले पोटात जावीत. आणि वर्षाने पायाच्या फोडातून हातभर लांब दोरा बाहेर पडावा. त्या फोडाची आग इतकी की रोगी पाय गार पाण्यात बुडवी, आणि त्याच क्षणी नारू आपली पिले त्या विहिरीत सोडी. सोसणाऱ्याच्या हातून पुढच्याचे सोसणे सुरू व्हावे, असा तो क्रूर फेरा. त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. फडक्याने गाळलेले पाणी, पायऱ्यांच्या विहिरीऐवजी हातपंप, पाणपिसवा मारणारे औषध, आणि रोग्याला एवढेच सांगणे: 'बाबा, आग होते हे कळते, पण पाय विहिरीत घालू नकोस.' एवढ्यावर नारू या देशातून गेला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. ज्या रोग्याने आपला जळता पाय पाण्याबाहेर ठेवला, त्याचा पुतळा कोणी उभारला नाही. मला तो थोर माणूस वाटतो. त्याला स्वतःला त्यात लाभ कोणता होता?

दुसरी गोष्ट १९७१ ची. बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावला डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्याजवळची शिरेतून द्यावयाची सलाइन संपत आली. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपे भरली आणि ते पाणी रोग्यांच्या आप्तांच्याच हाती दिले: 'पाजीत राहा.' शंभरात तीसच्या घरात मरणारे लोक तीन-चारवर आले. आज प्रत्येक घराने हे पाठ करून ठेवावे: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत घोट घोट. अम्माच्या मुलीच्या वेळी हे कोणास ठाऊक असते, तर! पण ज्ञान उशिरा आले म्हणून ते लहान ठरत नाही. आमच्या शेजारच्या नवी मुंबईने २०१८ साली महापालिकेमार्फत मुलांना विषमज्वराची नवी लस दिली. असे करणारे ते देशातले पहिले शहर. २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांतून जंताची गोळी मिळते. ती घेणारे मूल स्वतःपुरते बरे होते. आणि त्याच्यापासून मातीत जाणारी दिवसाची लाखो अंडी थांबतात, तेव्हा शेजारच्या आळीतले मूलही वाचते. ऋण फेडणे इतके स्वस्त क्वचितच असते.

मोठी कामे नगरपालिकांची, सरकारची, आणि ती त्यांच्याकडून करवून घेणे हे आपले. मैलापाणी शुद्ध केल्यावाचून नदीत जाऊ नये, ही मागणी आपल्या नळाला पाणी यावे या मागणीइतक्याच जोराने जो करील, तो खरा नागरिक. आजवर मी पाण्यासाठी निघालेले हंडा-मोर्चे पुष्कळ पाहिले. पण 'आमचे सांडपाणी खालच्या गावास त्रास देते, ते थांबवा' असे म्हणत निघालेला मोर्चा एकही पाहिला नाही. तो निघेल तेव्हा मरीआईचा गाडा शिवेवर थांबला, असे म्हणता येईल.

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून आपण पाणी घेऊ. तांब्या-तांब्याने ते मोरीत जाईल, मोरीतून नाल्यात, नाल्यातून वालधुनीत नाहीतर उल्हासमध्ये. त्या दिवशी पहाटे अंगावर पाणी घेताना आपल्या मुलाला एकच विचारावे: 'हे पाणी आता कोठे जाते, माहीत आहे का?' त्याला उत्तर येणार नाही. मग दिवस वर आल्यावर त्याचे बोट धरून, त्या पाण्याच्या मागोमाग, नाल्याच्या कडेकडेने थोडे चालत जावे. पुढच्या वळणावर कोणाचे तरी घर लागेल. तेथेही त्या दिवशी दिवाळीच असेल, आणि अंगणात कोणाची तरी मुले खेळत असतील.